हात वर केलेला माणूस

नाटकाच्या जाहिरातीत ‘शेवटचे मोजकेच प्रयोग’ असं छापून आलं की आम्ही धावत जाऊन तिकीट काढतो. पुढच्या वर्षी तेच नाटक, तीच जाहिरात. निरोपाची अशी दवंडी ऐकायची सवय लागली, की कुणी गुपचूप निघून गेलं तर कळतच नाही.

‘आर.ई.एम.’ या अमेरिकन रॉक बँडच्या बाबतीत माझं तसंच झालं. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावात 1980 साली जमलेली पोरं. ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसण्याआधीपासून तेच वाजवत होती. मार्च 2011 मध्ये त्यांचा पंधरावा अल्बम आला, ‘कोलॅप्स इन्टू नाउ’. कव्हरवर तिघं उभे, आणि गायक मायकल स्टाइप हात वर करून उभा. मला वाटलं, ‘काय, कसं काय?’ म्हणतोय. सप्टेंबरात बँड बंद झाल्याची बातमी आली. तो हात निरोपाचा होता, हे पुढे त्यांनीच सांगितलं. आत ‘ऑल द बेस्ट’ नावाचं एक गाणंसुद्धा होतं. आणखी काय सांगायला हवं होतं? दौराही काढला नव्हता. मी मात्र सहा महिने सीडी ऐकत, ‘वा, पोरं पुन्हा फॉर्मात आली!’ म्हणत बसलो होतो.

अल्बम त्यांचा सर्वोत्तम नाही. ड्रमर बिल बेरी 1997 मध्ये सोडून गेला, ती जागा शेवटपर्यंत मला रिकामीच ऐकू येते. पण भांडण नाही, कोर्टकचेरी नाही; हात वर केला आणि निघाले. हे मला फार आवडतं.

शेवटचं गाणं ‘ब्लू’. स्टाइप त्यात गाण्यापेक्षा पुटपुटतोच जास्त, मागून गायिका पॅटी स्मिथचा खरबरीत आवाज येतो. संपलं असं वाटतं, आणि गिटार उसळून पहिल्याच ‘डिस्कव्हरर’ गाण्याची चाल परत येते.

बातमी आली त्या रात्री हेच ऐकत होतो. सीडीच्या डबीची बिजागरी केव्हाच तुटलेली, झाकण मांडीवर, त्यावर तो हात. आतून आईने विचारलं, “पहिलंच परत लागलं का रे?”

“नाही गं,” म्हटलं, “शेवटचंच चालू आहे अजून.”