घाना फिरून आले : एल्मिनाच्या किल्ल्यापासून मोलेच्या हत्तींपर्यंत

माझा धाकटा दीर आणि जाऊ गेली ३ वर्षं पश्चिम आफ्रिकेतल्या घानात टेमाला राहतात, राजधानी अक्राच्या अगदी शेजारी, बंदराचं गाव. दर फोनला "वहिनी, या ना एकदा" चालूच असायचं. शेवटी या जानेवारीत मी आणि नवरा १६ दिवस जाऊन आलो. आल्यापासून जो भेटतो तो विचारतो की तिकडे बघायला आहे तरी काय, केनियाला का नाही गेलात. म्हणून एकदाच सगळं सांगते.

आधी कामाचं. यलो फीवरची लस घेतल्याशिवाय जाता येत नाही, लस घेतल्यावर १० दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, आणि परत येताना आपल्या एअरपोर्टवरही ते बघतात, त्यामुळे ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. भाषेची अडचण नाही, इंग्रजी सगळीकडे चालतं, पण "मेदासे" म्हणजे थँक यू एवढं ट्वी भाषेत बोललात तरी समोरचा माणूस खुलतो. आणि कुणाला काही द्यायचं-घ्यायचं ते उजव्या हातानेच, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

अक्रात आम्ही २ दिवस काढले. देशाचे पहिले पंतप्रधान एन्क्रुमा यांचं स्मारक बघितलं (६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र झाला, त्याची घोषणा त्यांनी जिथे केली तिथेच ते आहे), जेम्सटाउनच्या जुन्या दीपस्तंभाजवळची कोळी वस्ती बघितली, माकोला मार्केटला जाऊबाईंचा हात घट्ट धरून फिरले. त्या वस्तीत कळलं की मंगळवारी होड्या समुद्रात जात नाहीत, तो दर्याच्या विश्रांतीचा दिवस. मी वसईची, नारळी पौर्णिमेआधी दर्याला हात न लावणारी माणसं बघत मोठी झालेय, मला ते ऐकून एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

गावात फिरायला त्रोत्रो, म्हणजे आपली वडाप. कंडक्टरला मेट म्हणतात आणि तो दारात लटकून "सर्क सर्क सर्क" ओरडत असतो, म्हणजे गाडी सर्कल नावाच्या मोठ्या चौकाकडे चाललीय. लांबच्या प्रवासाला मात्र एसी बस घ्या, आमचा एक त्रोत्रो भर उन्हात रस्त्यात बंद पडला आणि २ तास गेले, पण तेवढ्यात शेजारच्या बाईंनी मला त्यांच्या डब्यातलं केलेवेले दिलं, आलं-मिरची लावून तळलेली पिकली राजेळी केळी म्हणा ना, आणि नंतर मी ते रोज शोधून खाल्लं.

आता किनारा. अक्रापासून केप कोस्ट साधारण १५० किलोमीटर, तिथून एल्मिना अगदी जवळ. बहुतेक लोक एका दिवसात दोन्ही किल्ले उरकून परत येतात. तसं करू नका, खरंच सांगते, एक रात्र तरी तिथे राहा.

एल्मिनाचा किल्ला पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये बांधला. म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचायच्या १६ वर्षं आधी, गोवा घ्यायच्या २८ वर्षं आधी, आणि आमची वसई त्यांच्या हातात आली १५३४ ला. आधी सोन्यासाठी आले होते, नावच मुळात खाण या अर्थाचं. मग १६३७ ला डचांनी किल्ला घेतला, १८७२ ला इंग्रजांकडे गेला. वसईच्या किल्ल्यात मी लहानपणी शाळेच्या सहलीला गेलेय, तिथे पडक्या चर्चमध्ये लपाछपी खेळलेय, आणि आमच्यासाठी त्या किल्ल्याची गोष्ट म्हणजे चिमाजी अप्पा आणि १७३९ चा विजय. तेच पोर्तुगीज, तसाच समुद्र, पण इथे भिंतींच्या आत काय चालायचं हे बघितलं आणि मला पुढचा अर्धा दिवस बोलवेना.

गुलाम म्हणून विकायला पकडून आणलेल्या बायकांच्या कोठड्यांपुढे एक चौक आहे आणि वर गव्हर्नरची गॅलरी. चौकात बायकांना उभं करायचे, तो वरून बघून एकीला निवडायचा, तिला धुवून वर पाठवायचे. जी नाही म्हणेल तिला चौकातल्या लोखंडी गोळ्याला साखळीने बांधून उन्हात ठेवायचे. तो गोळा अजून तिथेच आहे. कोठडीत अंधार, हवेला जेमतेम झरोका, आणि गाइड सांगत होता की इथे शेकडो बायका महिनोन्‌महिने, तिथेच सगळं. शेवटी भिंतीतली ती चिंचोळी फट, एका वेळी एकच माणूस आडवा होऊन बाहेर पडेल एवढी, तिच्यापलीकडे होडी आणि मग अमेरिकेकडे नेणारं जहाज. आणि चौकाच्या मधोमध प्रार्थनेची जागा! केप कोस्टला तर पुरुषांच्या कोठडीच्या बरोब्बर वर चर्च होतं. आमच्या ग्रुपमध्ये अमेरिकेतून आलेल्या एक आजी होत्या, त्या फटीपाशी भिंतीवर हात ठेवून किती तरी वेळ उभ्या राहिल्या, आम्ही सगळे गप्प. पोर्तुगीजांनी मोझांबिकहून गोव्यातही गुलाम आणले होते, हे मला माहीत होतं, पण वाचलेलं असणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी काकुमच्या जंगलात गेलो, झाडांच्या शेंड्यांवरून दोरांचे ७ झुलते पूल आहेत, सकाळी लवकर जा, नंतर शाळांच्या सहली येतात.

मग कुमासी, अशांती लोकांची राजधानी. इथलं सोन्याचं सिंहासन म्हणजे त्यांच्यासाठी अख्ख्या समाजाचा आत्मा, त्यावर राजासुद्धा बसत नाही. १९०० मध्ये इंग्रज गव्हर्नरने ते बसायला मागितलं आणि "या असांतेवा" नावाच्या राणीमातेने युद्ध पुकारलं. तिला पकडून सेशेल्सला पाठवलं, ती तिथेच वारली, पण सिंहासन इंग्रजांना मिळालं नाही. तिच्या नावातलं "या" म्हणजे गुरुवारी जन्मलेली. इथे वारावरून नाव असतंच, कोफी शुक्रवारचा, क्वामे शनिवारचा. आमच्या पालघरकडे आदिवासी पाड्यांवर बुधी, सोमी, शुकऱ्या अशी नावं असतात तेच हे! मी आईला फोन करून माझा वार विचारला, बुधवार निघाला, म्हणजे मी अकुआ. जवळच बोनविरेला केंटे विणतात, मागावर हातभर रुंद नाही, तर चार बोटं रुंद लांबच लांब पट्ट्या, मग त्या शिवून कापड. मी घेतलं, महाग आहे, पण विणणाऱ्याला बघितल्यावर घासाघीस करवेना.

पूर्वेला व्होल्टा तलाव, १९६५ च्या अकोसोम्बो धरणाने झालेला, सुमारे ८०,००० लोक उठवले गेले त्यासाठी. पाण्यातून अजून जुन्या झाडांचे बुंधे वर दिसतात. वेळ असेल तर टोगोच्या सीमेवरचा व्ली धबधबाही करा, आमचा राहिला.

कारण आम्हाला उत्तर सोडायची नव्हती. कुमासीहून तामालेला जाताना हळूहळू जंगल संपतं, गवत आणि लाल माती सुरू होते, मशिदी दिसायला लागतात, आणि जानेवारीत हरमटान असतो, सहाराकडून येणारा धुळीचा वारा, सूर्यसुद्धा पांढरा दिसतो, ओठ फुटतात. शिया बटर तिकडचंच, तेच लावायचं. लाराबांगाची मातीची मशीद बघितली, भिंतींतून लाकडं बाहेर आलेली, पांढरीशुभ्र. मुसलमान नसलेल्यांना आत जाता येत नाही, बाहेरूनच बघायची. तिथून मोले नॅशनल पार्क जवळच. कोरड्या दिवसांत हत्ती पाणवठ्यावर येतात, आणि बंदूकवाल्या रेंजरबरोबर चालत जाऊन बघता येतात, जीपशिवाय! पन्नासेक पावलांवर ५ हत्ती पाण्यात लोळत होते, नवरा श्वास रोखून उभा.

खाण्याचं एकच सांगते, शितो. सुकी मासळी, मिरची, आलं, तेलात काळं होईपर्यंत शिजवलेली चटणी, आपल्या जवळ्याच्या चटणीची बहीणच. वाक्येवर, म्हणजे चवळी घातलेल्या लालसर भातावर, चमचाभर. शाकाहारी असाल तर रेड-रेड मागा, चवळीची उसळ आणि तळलेली केळी. शितोच्या २ बाटल्या आणल्यात, एक आईकडे गेली, आणि ती आता भाकरीबरोबर खाते आणि फोनवर मला अकुआ म्हणते.