नाव देण्याआधी पेशी बघा

संकरित गाईला १०५ अंश ताप आहे, अंगावर गोचीड आहेत, की 'गोचीड ताप' म्हणून सगळं एकाच पोत्यात जातं. रक्ताचा पातळ थर काचेवर ओढून (हाच स्मिअर) सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की मात्र वेगवेगळ्या घराण्यांतले जंतू निघतात आणि प्रत्येकाचं औषध निराळं. म्हणून पहिला प्रश्न एकच: जंतू बसलाय कुठे?

पेशींच्या बाहेर, मोकळा, शेपटी असलेला दिसला तर ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, म्हणजे सर्रा. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खानला (आता पाकिस्तानात) घोड्या-उंटांच्या रक्तात तो ओळखला. हा पसरवते गोमाशी. गोचिडाचा इथे संबंध नाही.

तांबड्या पेशीत थेंबासारखी जोडी, निमुळती टोकं जवळ, मध्ये लघुकोन, लांबी पेशीच्या त्रिज्येहून जास्त: बबेसिया बायजेमिना. लघवी लाल झालेली असेल तर खात्री वाढते.

थायलेरियाही तांबड्या पेशीत, पण १-२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), अंगठी किंवा स्वल्पविरामासारखा. इथे घाई नको. निरुपद्रवी ठरणाऱ्या थायलेरियाही अशाच दिसतात, वाहक जनावरातही (जंतू अंगात, पण आजार दिसत नाही) हे आकार सापडतात. खांद्यापुढची सुजलेली गाठ सुईने टोचून स्मिअर करा. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीत ठिपकेदार निळे गोळे, म्हणजे कॉख बॉडीज, दिसले की आजाराला पुरावा मिळाला.

तांबड्या पेशीच्या काठाशी ०.३ ते १ मायक्रॉनचं गडद टिंब, भोवती पेशीद्रव नाही: ॲनाप्लाझ्मा मार्जिनेल. हा वरच्यांसारखा प्रोटोझोआ (एकपेशीय परजीवी) नव्हेच, रिकेट्सिया गणातला जिवाणू आहे. म्हणून त्याला ऑक्सिटेट्रासायक्लीन, थायलेरियाला बुपार्व्हाक्वोन (किलोमागे २.५ मि.ग्रॅ.), बबेसियाला डायमिनॅझीन (३.५ मि.ग्रॅ.).

चूक बहुधा स्मिअरमध्येच होते. कानाच्या टोकाचं रक्त घ्या, पहिला थेंब पुसून टाका. काच ३०-४५ अंशांत धरून पातळ ओढा, हवेत लगेच वाळवा. मिथेनॉलमध्ये ३-५ मिनिटं ठेवून स्थिर करा, मग १०% जिम्सा रंग, ७.२ पीएचच्या बफरमध्ये, ३० मिनिटं. पाणी आम्लधर्मी असेल तर सगळं गुलाबी होतं आणि केंद्रकं उठून दिसत नाहीत. ओलसर स्मिअर स्थिर केला तर पेशींत चकाकती भोकं पडतात. नवख्याला तीच बबेसिया वाटतात. फोकस किंचित फिरवा, भोक चमकेल, परजीवी चमकणार नाही. रंगाचा गाळ पेशीच्या वरच्या पातळीत असतो, ॲनाप्लाझ्मा पेशीच्याच पातळीत. रक्तक्षय झालेल्या गाईत हॉवेल-जॉली बॉडीजही (पेशीत उरलेले केंद्रकाचे तुकडे) अशाच टिंबासारख्या, पण बहुधा पेशीत एकच आणि फार थोड्या पेशींत. शंका उरली तर ईडीटीएतलं (रक्त गोठू न देणारं रसायन) रक्त पीसीआरला, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीला, पाठवा. वाहक गाईत जंतू इतके विरळ असतात, की तासभर शोधूनही काच कोरी दिसते.