रस्त्याकडेची शिकार

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, वाघाने गाय मारल्याची खबर सकाळी गाईडने आणली, मालकाला नंतर कळलं. शिकार सफारीच्या रस्त्यालगतच होती. आम्ही पोहोचलो तोवर जिप्स्यांची रांग लागलेली.

पंचनाम्यातलं खरं काम कातड्याखाली असतं. गळ्यावर सुळ्यांच्या खुणा आहेत एवढ्याने भागत नाही, कारण रोगाने मेलेलं ढोरही वाघ खातो. खुणांभोवतीचं कातडं सोलायचं. खाली रक्त साकळलेलं असेल तर चावा जिवंतपणी बसलेला. मग सुळ्यांमधलं अंतर, पट्टी ठेवून फोटो, ओढत नेल्याचा माग. इथे अंतर साडेपाच सेंटिमीटर निघालं आणि खाणं मागच्या पुठ्ठ्यापासून सुरू झालेलं. वाघच. त्यानंतर दोन कॅमेरे समोरासमोर, गुडघ्याच्या उंचीवर. वाघाच्या दोन्ही कुशींचे पट्टे वेगळे असतात, म्हणून एका बाजूचा फोटो पुरत नाही.

मेलेली गाय हलवायची नाही. वाघ उपाशी राहिला तर दुसरं जनावर धरेल. पण जागेवर ठेवली की राखण आली. रागाच्या भरात कुणी थिमेट हे विषारी कीटकनाशक मढ्यावर टाकलं तर वाघाबरोबर कोल्हेही जातात.

म्हणून रस्ता बंद केला. गाईड चिडले, ते समजू शकतो. जिप्सीचे हप्ते सायटिंगवर, म्हणजे पर्यटकांना वाघ दिसण्यावर, फिटतात. रिसॉर्टवाल्यांचं काहीच बुडत नव्हतं, तरी सगळ्यांत चढा आवाज त्यांचाच.

मालकाला भरपाई बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यांतली कमी असेल ती. त्याचं म्हणणं सरळ होतं: माझ्या गायीवर गाड्या भरल्या, तर प्रत्येक गाडीमागे मला काही द्या. आधी खबर आणणारा तो गाईड त्याचाच पुतण्या, तो मान खाली घालून उभा.

मागणी रास्त वाटते आणि तिथेच घोळ आहे. रस्त्याकडेच्या शिकारीला असा दर लागला, की भाकड गुरं नेमकी तिथेच चरायला सुटतील. त्यापेक्षा गावाच्या परिस्थितिकी विकास समितीने सफारी गेटच्या उत्पन्नातल्या आपल्या वाट्यातून त्याच दिवशी ठरावीक मदत द्यावी, शिकार रस्त्यावर होवो की आत नाल्यात. मी हे बैठकीत मांडलं. ज्यांची गुरं आहेत ते हो म्हणाले. ज्यांच्या जिप्स्या आहेत त्यांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.