ब्राइट एंजलच्या वाटेवर स्टॅनलेयाच्या जुन्या नोंदी पडताळताना

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरून ब्राइट एंजल पायवाटेने हवासुपाई गार्डन्सपर्यंत उतरलो आणि त्याच दिवशी वर आलो. मोहरी कुळातील स्टॅनलेया पिनाटा या रानवनस्पतीच्या हर्बेरियममधील (वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहातील) नोंदी प्रत्यक्ष जागेवर ताडून पाहणे, एवढाच हेतू होता. झाडे सापडली, पण त्या नोंदी नकाशावर दाखवणाऱ्या ठिपक्यांपाशी नव्हे. आणि यात नोंदींपेक्षा माझ्या वाचनाचा दोष अधिक होता.

नमुन्यांच्या जुन्या लेबलांवर ठिकाण म्हणून पुष्कळदा केवळ पायवाटेचे नाव असते. अक्षांश-रेखांश नंतर कोणीतरी त्या शब्दांवरून ठरवलेले असतात आणि त्यांच्यासोबत संभाव्य चुकीचे अंतरही मीटरमध्ये दिलेले असते. ते मी पाहिलेच नव्हते. सपाट प्रदेशात दोन किलोमीटरची चूक खपून जाते, पण येथे वाटेचा आरंभ समुद्रसपाटीपासून सुमारे 2,085 मीटरवर, तर गार्डन्स सुमारे 1,160 मीटरवर आहे, आणि सरळ रेषेत दोहोंमधील अंतर जेमतेम तीन किलोमीटर. म्हणजे चुकीच्या त्या वर्तुळात कड्यावरच्या पिन्यन पाइनपासून खालच्या झुडपी माळापर्यंत सारे काही येते. मी मात्र पहिल्या ठिपक्यावर विसंबून वरच्या भागातील कोकोनिनो वालुकाश्म या खडकाच्या थरातील वळणांवर तासभर प्रत्येक पिवळे फूल भिंगाखाली धरत बसलो. म्हणून लेबलावर उंची लिहिलेली असेल तर ठिपक्याआधी तिच्यावर भरवसा ठेवावा. ती बहुधा फुटांत असते, तेव्हा मीटरसाठी 3.28 ने भागून घ्यावी.

रेडवॉल या चुनखडकाच्या थराचा कडा उतरल्यावर, गार्डन्सच्या थोडे अलीकडे, उतारावर पिवळे तुरे दिसले. झाड कमरेच्या वर, बुंध्याशी काष्ठमय. खालची पाने खंडित, वरची साधी. फुले तुऱ्यात खालून वर उमलत जातात, त्यामुळे एकाच तुऱ्यावर तळाला शेंगा आणि टोकाला कळ्या पाहायला मिळतात. पुंकेसर पाकळ्यांबाहेर लांब आलेले, आणि बारीक शेंगेला फुलाच्या आतून निघालेला स्वतंत्र लांब देठ. आपल्याकडची तिळवण पाहिलेल्याला हा देठ ओळखीचा वाटेल. पुर्श या वनस्पतिशास्त्रज्ञानेही या वनस्पतीचे पहिले वर्णन तिळवणीच्या क्लिओमे या प्रजातीतच केले होते. 1818 मध्ये नटॉल या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने स्टॅनलेया ही प्रजाती मांडली, तेव्हा त्याने वापरलेले नाव स्टॅनलेया पिनाटिफिडा असे होते. जुन्या नमुन्यांची पत्रके शोधताना ही दोन्ही नावे घालून पाहावीत. तसेच संग्राहक आणि त्याचा क्रमांक एकच असेल, तर त्या दोन नोंदी नसून एकाच नमुन्याच्या दोन हर्बेरियममधील प्रती असतात. माझ्या यादीत अशी एक जोडी होती आणि तिचे ठिपके दोन वेगळ्या ठिकाणी पडले होते.

ठिपके पायवाटा आणि नदीकाठ यांवरच दाटलेले दिसतात, त्याचे कारण संग्राहकांच्या वाटा हे आहे. 1938 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या एलझाडा क्लोव्हर आणि लोइस जॉटर यांनी कोलोराडो नदीतून होडीने जाताना वनस्पती गोळा केल्या, त्याही साहजिकच काठालगतच्या. मधला कोरा भाग म्हणजे झाड नसल्याचा पुरावा मानू नये.

जाणाऱ्यांनी पहाटे उजाडताच निघावे; उतरायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरावा. वाटेवरच्या नळांना बाराही महिने पाणी नसते आणि जलवाहिनी फुटली की तेही बंद होते, म्हणून आदल्या दिवशी चौकशी करावी. खेचरे आली की वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला स्तब्ध उभे राहावे. नोंदी फोनमध्ये आधीच उतरवून घ्याव्यात. परवान्याशिवाय पानही तोडता येत नाही. छायाचित्रे मात्र खालचे पान, फूल आणि शेंग अशी तिन्हींची घ्यावीत. मोहरीच्या कुळातले म्हणून पान चावून पाहण्याचा मोह मला झाला होता, पण ही वनस्पती जमिनीतले सेलेनियम विषारी प्रमाणात साठवते. परतताना वहीत मी प्रत्येक झाडापुढे उंची लिहिली आणि ठिकाणाच्या रकान्यात कोणत्या वळणाखाली, कोणत्या खडकावर, हेही.