अठराच्या आतला मुलगा पोलिसांच्या ताब्यात गेला तर

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण इंजिनिअर गेले, आणि गाडी चालवणाऱ्या 17 वर्षांच्या मुलाला 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्याची बातमी आली. शहर संतापलं, आणि तो संताप रास्तच होता. पण त्या गदारोळात लोकांच्या डोक्यात एक गैरसमज पक्का बसला, की अठराच्या आतल्याला शिक्षा म्हणून निबंध मिळतो. निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची एक अट होती. पुढे बाल न्याय मंडळाने, म्हणजे अठराच्या आतल्यांची प्रकरणं चालवणाऱ्या मंडळाने, त्याला निरीक्षणगृहात (चौकशीच्या काळात मुलांना ठेवतात तिथे) पाठवलं, आणि जामीन कायम असताना असं डांबता येत नाही म्हणून जून 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. जुलै 2025 मध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणीही बाल न्याय मंडळाने फेटाळली. हे असं का होतं, ते समजून घेतल्याशिवाय नुसतं ‘कायदा कडक करा’ म्हणण्यात अर्थ नाही.

कळीचा मुद्दा आहे गुन्ह्याची वर्गवारी. बाल न्याय अधिनियम 2015 गुन्ह्यांचे तीन गट करतो. किरकोळ म्हणजे जास्तीत जास्त 3 वर्षांपर्यंत शिक्षा असलेले. गंभीर म्हणजे मधले. आणि निर्घृण म्हणजे ज्यांना कायद्यात किमान शिक्षाच 7 वर्षं किंवा त्याहून जास्त आहे. यातला ‘किमान’ शब्द महत्त्वाचा. कल्याणीनगर प्रकरणात लागलेल्या सदोष मनुष्यवधाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, पण किमान 7 वर्षं असं कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून तो निर्घृण गटात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात हे स्पष्ट केलं, आणि 2021 च्या दुरुस्तीने ते कायद्यातच आलं. पुण्यात कोयता घेऊन केलेल्या हल्ल्यात खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागतं, तिथेही हेच: किमान शिक्षा नाही, म्हणून गंभीर, निर्घृण नाही. खून मात्र निर्घृणच.

प्रौढ म्हणून खटला चालवायचा विषय फक्त निर्घृण गुन्ह्यात आणि गुन्ह्याच्या दिवशी 16 वर्षं पूर्ण असतील तरच येतो. तोही आपोआप नाही. मंडळाला आधी 3 महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करावं लागतं: गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, तो कोणत्या परिस्थितीत घडला. मंडळात बालमानसशास्त्राचा किंवा मनोविकारशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे, असं 2022 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतो. मूल्यांकनानंतर मंडळाने प्रकरण बाल न्यायालयात (असा खटला चालवणाऱ्या वेगळ्या कोर्टात) पाठवलं आणि दोष सिद्ध झाला, तरी 21 वर्षांपर्यंत मुलगा तुरुंगात नाही, सुरक्षित ठिकाणी राहतो. त्यानंतर सुधारणा झाली की नाही ते तपासून उरलेली शिक्षा तुरुंगात भोगायची का ते ठरतं. फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही.

आता आईवडिलांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: पहिले 24 तास.

पोलीस मुलाला ताब्यात घेतात तेव्हा त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या किंवा विशेष बाल पोलीस पथकाच्या हवाली करावं लागतं. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मंडळासमोर हजर करणं भाग आहे. शिवाजीनगरच्या फौजदारी कोर्टाची सवय असलेल्यांना इथली बैठक वेगळी वाटते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यात किमान एक महिला. पालकांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कबुलीसाठी दबाव आणायचा नाही, हे नियमांतच आहे. चौकीत ‘इथे सही कर, सोडतो’ असं कुणी म्हणालं तर सही करू द्यायची नाही, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो हे लक्षात ठेवायचं.

सोबत न्यायची पहिली गोष्ट म्हणजे वयाचा पुरावा. इथे सगळ्यात जास्त घोळ होतात. कायद्यात क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. आधार कार्ड या क्रमात नाही. शाळेत प्रवेश मिळावा म्हणून तारीख पुढेमागे लिहिलेली असते, ती इथे येऊन आडवी येते, कारण शाळेचा दाखला पहिल्या क्रमांकावर आहे. मोजायचं वय गुन्ह्याच्या दिवसाचं, पकडल्याच्या दिवसाचं नाही. साडेसतराव्या वर्षी केलेली चोरी एकोणिसाव्या वर्षी उघडकीस आली तरी प्रकरण मंडळाकडेच.

कधी पोरगं घाबरून किंवा ऐटीत चौकीत ‘एकोणीस’ सांगून मोकळं होतं आणि त्याची रवानगी मोठ्यांच्या कोर्टात होते. अशा वेळी पहिल्याच रिमांडला न्यायदंडाधिकाऱ्यांना वय सांगायचं आणि दाखला पुढे करायचा. तो अल्पवयीन आहे असं दिसलं की त्यांना प्रकरण मंडळाकडे पाठवावंच लागतं. वयाचा मुद्दा कोणत्याही कोर्टात, कधीही, निकाल लागल्यानंतरसुद्धा काढता येतो.

जामिनाचं गणितही मोठ्यांपेक्षा वेगळं. गुन्हा अजामीनपात्र असला तरी नियम सोडण्याचा आहे, अगदी जामीनदाराशिवायसुद्धा. नाकारायची कारणं तीनच: सोडल्यास सराईतांच्या संगतीत पडेल, त्याला शारीरिक, मानसिक किंवा नैतिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल. कारण लेखी द्यावं लागतं. अटी पूर्ण करता आल्या नाहीत म्हणून मूल 7 दिवस आतच राहिलं, तर अटी बदलण्यासाठी त्याला पुन्हा मंडळासमोर आणावं लागतं.

यातल्या पहिल्या कारणावर खरा परिणाम होतो तो परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) सामाजिक तपास अहवालाचा. तो दोन आठवड्यांत द्यायचा असतो. घर, कमावतं कोण, शाळा सुटली का आणि कधी, नशा, मित्र, आधीचे प्रसंग, सगळं त्यात येतं. घरचे लाजेपोटी ‘नियमित शाळेत जातो’ म्हणून सांगतात आणि अधिकाऱ्याने शाळेत विचारलं की वर्षभर गैरहजर निघतो. मग पुढचं सगळंच संशयाने वाचलं जातं. त्यापेक्षा शाळा सुटली आहे हे सांगून, मामाकडे चिंचवडला ठेवतोय, तिथे आयटीआयला नाव घालतोय, असं ठोस काही मांडलं तर मंडळाला हाताशी धरायला काहीतरी मिळतं.

चौकशी 4 महिन्यांत संपवायची, फार तर आणखी 2. किरकोळ गुन्ह्यात तरीही संपली नाही तर ती बंद होते. म्हणून तारीख लांबवत बसणारा वकील असेल तर तो का लांबवतोय हे विचारायला हवं. दोष सिद्ध झाला तर समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं आणि शेवटी विशेष गृहात जास्तीत जास्त 3 वर्षं, एवढे पर्याय मंडळापुढे असतात. मंडळाच्या आदेशावर 30 दिवसांत अपील.

गाडीची चावी देणाऱ्यांनी एक वेगळं कलम वाचावं. मोटार वाहन कायद्यातलं 2019 चं कलम 199 अ: अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि मुलाला 25 पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हे मालकालाच सिद्ध करावं लागतं.

मुलाचं नाव, फोटो, शाळा किंवा पत्ता छापणं हा गुन्हा आहे. 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पुढे ढकलणाराही यातून सुटत नाही. दोष सिद्ध झाल्याची नोंद ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करायची असते, आणि नोकरीसाठी तो डाग धरता येत नाही. प्रौढ म्हणून खटला चालून दोषी ठरलेल्याला मात्र ही सवलत नाही. पोलीस पडताळणीत जुनं प्रकरण पुढे आलं तर मंडळाच्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडून लेखी हरकत घ्यायची. ती प्रत प्रकरण संपतानाच काढून घरी ठेवावी. नंतर कागद नष्ट झाले की शोधत बसावं लागतं.