पुण्याहून गुलमर्ग: दरवर्षी परवडेल असं स्कीइंग

पुण्यातून स्कीइंगला जाणाऱ्याचे सगळ्यात जास्त पैसे जातात ते वाया गेलेल्या दिवसांवर. दोन हजार किलोमीटर गाठायचे, मग एक दिवस वाऱ्यामुळे गंडोला (डोंगरावर नेणारी केबल कार) बंद, एक दिवस बूट चावला म्हणून खोलीत, एक दिवस भाड्याच्या दुकानासमोर ताटकळत. सहा दिवसांतले तीनच दिवस उतारावर मिळाले की प्रत्येक दिवसाची किंमत दुप्पट होते. म्हणून एकूण खर्चाला प्रत्यक्ष उतारावर मिळालेल्या दिवसांनी भागा आणि तोच आकडा वहीत लिहा. दरवर्षी जायचं असेल तर हा आकडा खाली आणायचा. त्यासाठी हॉटेलवाल्याशी घासाघीस करून फारसं हाती लागत नाही. तारखा, बूट आणि मुक्कामाची जागा या तीन गोष्टींनी खूप फरक पडतो.

आधी तारखा. नाताळ ते नववर्ष हा सर्वांत महागडा आठवडा आणि बर्फाच्या दृष्टीने सर्वांत बेभरवशाचा. काश्मीरमधल्या कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, म्हणजे चिल्लई कलान, २१ डिसेंबरला सुरू होतात; पण थंडी पडली म्हणजे बर्फ पडला असं नाही. बर्फ येतो पश्चिमी झंझावातांबरोबर, आणि ते लांबले की उतार मातीचे राहतात. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग महिनाअखेरपर्यंत जवळजवळ कोरडंच होतं. २०२५ मध्ये बर्फाअभावी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. पहिला आठवडा सोडून उरलेला फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले दहा दिवस हा पट्टा धरा. १९ फेब्रुवारीच्या शिवजयंतीची सुट्टी त्यातच येते, एक रजा वाचते. तीन-चार दिवसांच्या दोन ट्रिपांपेक्षा आठ-नऊ दिवसांची एकच करा, कारण जाण्या-येण्याचा खर्च प्रत्येक ट्रिपला तेवढाच बसतो.

पुण्याहून स्वस्त मार्ग म्हणजे झेलम एक्स्प्रेस. पुणे स्टेशनवर संध्याकाळी बसलं की तिसऱ्या दिवशी सकाळी जम्मू तवी. स्लीपरचं भाडं हजाराच्या आत बसतं, पण फेब्रुवारीत मध्य प्रदेश ओलांडल्यावर रात्री खिडकीच्या फटीतून येणारी थंडी सोसवत नाही. स्लीपिंग बॅग नसेल तर थर्ड एसी घ्या. आजारी पडून उतारावरचा एक दिवस गेला तर त्या फरकापेक्षा जास्त नुकसान होतं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. फेब्रुवारीच्या मध्याला निघायचं तर डिसेंबरच्या मध्याला सकाळी आठ वाजता तिकीट काढायला बसावं लागतं. सामानाच्या बाबतीतही रेल्वेच बरी. स्लीपर आणि थर्ड एसीत माणशी ४० किलो नेता येतं, तर देशांतर्गत विमानाच्या साध्या तिकिटावर चेक-इनला साधारण १५ किलो, आणि नुसत्या स्की बुटांचा जोडच चार किलोच्या आसपास भरतो.

जम्मूहून कटरा, आणि तिथून वंदे भारतने सुमारे तीन तासांत श्रीनगर. ही सेवा जून २०२५ मध्ये सुरू झाली आणि बजेटवाल्यांसाठी हिवाळ्याचं गणितच बदललं. पूर्वी बर्फ किंवा दरड पडून रामबनजवळ महामार्ग बंद झाला की माणूस जम्मूतच अडकून पडायचा. झेलमला दोन-तीन तास उशीर होणं नेहमीचं आहे आणि सामानाच्या तपासणीलाही वेळ जातो, म्हणून सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, दुपारची धरा. श्रीनगरहून बारामुल्लाकडे जाणारी लोकल मिळाली तर बडगामनंतरच्या माझोमला उतरा. तिथून मागाम जवळ आहे, आणि मागामला टंगमर्गच्या, म्हणजे गुलमर्गच्या पायथ्याच्या गावाच्या, शेअर सुमो मिळतात. अंधार पडल्यावर सुमो कमी होतात. उशीर झाला असेल तर रात्र श्रीनगरला काढा, स्वतंत्र टॅक्सी करू नका.

परतीला, सुट्टी कमी असेल तर श्रीनगरहून विमान घ्या. दोन रजा वाचतात आणि अंग आंबलेलं असताना चाळीस तासांचा प्रवास टळतो. सकाळचं पहिलं विमान मात्र नको; धुकं आणि बर्फ यांमुळे उशीर बहुधा सकाळीच होतो. दुपारचं घ्या, आणि दिल्लीला विमान बदलायचं असेल तर दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर काढा, म्हणजे पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं तर पुढची जबाबदारी कंपनीची राहते.

मुक्काम टंगमर्गला करा. गुलमर्ग तिथून १३ किलोमीटर वर आहे आणि खोलीच्या भाड्यात मोठा फरक पडतो. दोघांत मिळून हजार ते दीड हजारांची खोली धरून चला. बर्फ पडला की वरच्या रस्त्यावर टायरना साखळ्या बांधलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाड्याच सोडतात. रोज सकाळी साडेआठच्या आत स्टँडवर पोचलं तर शेअर सुमो भरून सुटते. दहानंतर पर्यटकांची गर्दी होते आणि मग पूर्ण गाडी करायला लागते. खोली घेताना पुढचं विचारा: बुखारी (खोली तापवणारी शेगडी) आहे की फक्त इलेक्ट्रिक ब्लँकेट, वीज गेली तर काय, आणि बूट वाळवायला गरम जागा कुठे. हमाम (जमीन खालून तापवलेली खोली) असलेलं घर मिळालं तर दोनशे रुपये जास्त द्या. ओले बूट दुसऱ्या दिवशी गोठतात, मग ना पाय आत जातो, ना बकल लागतं.

आपलं महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, हे पुण्याहून जाणारे हमखास विसरतात. गटात निदान दोघांकडे पोस्टपेड हवं, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचं. नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं, म्हणून चार दिवस पुरेल एवढी रोकड श्रीनगरलाच काढून ठेवा.

पहिल्यांदा जात असाल तर स्वतःहून जाण्याआधी संस्थेचा कोर्स करा. मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आणि पहलगामची जवाहर संस्था स्कीइंगचे १४ दिवसांचे प्राथमिक कोर्स घेतात. जवाहर संस्थेचे गुलमर्गला होतात. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्की संस्थाही आहे. उत्तराखंडातल्या औलीला गढवाल मंडल विकास निगमचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्स असतात. राहणं, जेवण, साहित्य आणि शिकवणं एकाच फीमध्ये येतं. तेवढेच दिवस खाजगी प्रशिक्षक, भाड्याचं साहित्य आणि हॉटेल धरून बेरीज करून पाहा. संस्थेची फी निम्म्याहून कमीच निघते. जागा मात्र लवकर भरतात. वैद्यकीय प्रमाणपत्राचा संस्थेने ठरवून दिलेला नमुना असतो, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरातच आपल्या डॉक्टरांकडून भरून घ्या. औलीसाठी एक लक्षात ठेवा: जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठला जमीन खचली तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला, त्यामुळे खर्चात रस्त्याची गाडीच धरा.

आता बूट. सगळ्यात जास्त दिवस इथे वाया जातात. दुकानदार विचारतो, "साइज?" आपण सांगतो आठ, आणि तो आठाला जुळणारा, जरा सैलच बूट देतो, कारण सैल बुटाची तक्रार दुकानात कुणी करत नाही. उतारावर मात्र पाय आत पुढे-मागे सरकतो, अंगठ्याची नखं काळी पडतात, नडगी सोलते, आणि आपण वळवायला जातो तेव्हा पाय वळतो, स्की सरळच जाते. स्की बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. घरी टाच भिंतीला टेकवून उभे राहा, सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. २६.३ आलं तर २६.५. बाहेरचं कवच २६ आणि २६.५ ला एकच असतं, म्हणून अर्ध्या मापावरून वाद घालू नका. खरी परीक्षा अशी: आतला मऊ लायनर बाहेर काढा, एक पातळ मोजा घालून पाय नुसत्या कवचात ठेवा, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागची फट बघा. दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे एकावर एक धरलेली दोन बोटं, ठीक. तीन बोटं आरामात जात असतील तर तो बूट नको. मग लायनर घालून, बकल लावून गुडघे वाकवा: उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकलेली, वाकल्यावर किंचित मोकळी झालेली आणि टाच जागची न हललेली हवी. दोन मोजे घालू नका. घडी पडते, रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गारठतो.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी स्वतःची पहिली वस्तू घ्यायची ती बूटच, स्की नंतर. स्की भाड्याने घेणं बरीच वर्षं परवडतं आणि विमानात न्यावी लागत नाही. जुने बूट मार्चअखेर भाड्याच्या दुकानांत विचारून पाहा, पण तळव्याचा प्रकार तपासा. आयएसओ ५३५५ हा पारंपरिक सपाट, कडक तळवा जवळजवळ कुठल्याही अल्पाइन (उतारावरच्या स्कीइंगच्या) बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीत, बसतो. चालायला सोपा असणारा ग्रिपवॉक तळवा जुन्या बाइंडिंगमध्ये नीट बसत नाही, आणि मग बूट स्वतःचा असूनही भाड्याचाच घालायची वेळ येते.

स्की, बूट आणि पोल यांचं भाडं दिवसाला हजार ते दीड हजार धरून चला आणि आठवड्याचा दर एकदम ठरवा. नवशिक्याला हनुवटी ते नाकापर्यंत उंचीची स्की पुरते. दुकानातून निघण्याआधी बाइंडिंग स्वतः बघा. बुटाच्या टाचेजवळ बाजूला तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, समजा ३०५. टाचेकडचा भाग त्या लांबीला सरकवलेला हवा. बूट आत बसल्यावर मागचा दाबदर्शक खुणेच्या पट्ट्यातच थांबला पाहिजे. तो बाहेर असेल तर स्की मध्येच सुटेल, नाहीतर पडल्यावर सुटणारच नाही, आणि गुडघा जातो तो असाच. बूट किती जोराने बाइंडिंगमधून सुटेल हे सांगणारा आकडा वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरतो. दोन्ही स्कींवर तो सारखा आहे ना पाहा. स्की सारखी सुटते म्हणून स्क्रू पिळून आकडा वाढवू नका. बहुतेक वेळा बुटाच्या तळव्याखाली दाबून बसलेला बर्फ हेच कारण असतं. पोलच्या टोकाने किंवा बाइंडिंगच्या कडेवर घासून तो काढा आणि मग पाय दाबा.

पहिले तीन-चार दिवस गंडोलाचं तिकीट काढूच नका. गोल्फ कोर्सलगतच्या सौम्य उतारांवर छोट्या खेचलिफ्ट आहेत. स्नोप्लाऊ (स्कींची पुढची टोकं जवळ आणि मागची फाकवून वेग कमी करणं), थांबणं आणि दोन्हीकडे वळणं एवढं तिथेच पक्कं होतं. प्रशिक्षक दिवसभर घेण्यापेक्षा सकाळचे दोन तास घ्या आणि दुपारी त्याचाच सराव करा. नोंदणीचं कार्ड बघा, दर आणि तास आधी ठरवा. दुपारी तीननंतर पाय थकलेले असतात आणि सावलीतला उतार पुन्हा कडक होतो. अशा वेळी दुखापतीचा धोका वाढतो. थांबा.

गंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, सुमारे ३,१०० मीटरवर पोचतो. तिथून खाली येणं हे आठवड्याच्या शेवटचं चांगलं उद्दिष्ट आहे. दुसरा टप्पा अफरवटच्या खांद्यावर, जवळजवळ ४,००० मीटरवर. तो वाऱ्यामुळे वारंवार बंद असतो, आणि वरचे उतार बहुतांशी नैसर्गिक, म्हणजे हिमस्खलनाचा धोका असलेले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी इथल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीयरचा जीव गेला. ट्रान्सीव्हर (बर्फाखालचा माणूस शोधायचं संदेशयंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि ते वापरता येणारे सोबती नसतील तर खुणा केलेल्या मार्गाच्या दोरीपलीकडे जायचं नाही. गुलमर्ग स्की पेट्रोलने, म्हणजे उतारांवरच्या सुरक्षा पथकाने, लावलेली धोक्याची पातळी रोज सकाळी वाचा. इथे पैसे वाचवण्याचा विचारच नको. विम्याचंही तसंच: नेहमीच्या प्रवास विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात, ते कलम वाचून स्कीइंग लेखी समाविष्ट असलेली पॉलिसी घ्या.

कपड्यांवर मोठा खर्च नको. सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकचं चांगलं वॉटरप्रूफ जाकीट वरच्या थराला चालतं. आत फ्लीस आणि सिंथेटिक किंवा लोकरी थर्मल. सुती बनियन घामाने भिजून गोठवतो. पँट मात्र वॉटरप्रूफच लागते, कारण नवशिक्या अर्धा वेळ बसलेलाच असतो. हेल्मेट, गॉगल आणि जाड हातमोजे उसने मिळाले तर उत्तम. खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवा, वरच्या हॉटेलातलं दुपारचं जेवण टळतं.

रोज संध्याकाळी लायनर बाहेर काढून त्यात वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि बुखारीपासून हातभर लांब ठेवा. जवळ ठेवला तर फोम आकसतो.

पुण्यात परतल्यावर खरा शत्रू पावसाळा. स्वतःची स्की असेल तर कडा कोरड्या करून तळाला आणि कडांना मेणाचा जाड थर द्या आणि तो न खरवडता तसाच ठेवा. नाहीतर ऑगस्टपर्यंत कडांना गंज चढतो. दमट हवेत बुटाचं प्लॅस्टिक वर्षागणिक ठिसूळ होतं. बूट पूर्ण वाळवून, बकल सैलसर लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसह कपाटात वरच्या खणात ठेवा. माळ्यावरच्या बंद प्लॅस्टिक पिशवीत नको.

नोव्हेंबरपासून पायांची तयारी सुरू करा. पर्वतीच्या पायऱ्या किंवा सिंहगड, आठवड्यातून दोनदा, आणि भर चढण्यापेक्षा सावकाश उतरण्यावर द्या. स्कीइंगमध्ये मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात आणि तोच ताण उतरताना पडतो. ही तयारी नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या इतक्या भरून येतात की टंगमर्गच्या सुमोत चढतानाही दाराला धरावं लागतं, आणि तो दिवस हिशेबातून जातो.