मिरिस्सा की त्रिंकोमाली?

श्रीलंकेत देवमासे बघायला कुठे जाऊ, असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, सुट्टी कधी मिळतेय? महिना कळला की किनारा ठरतो. डिसेंबर ते एप्रिल असेल तर दक्षिणेला मिरिस्सा, मे ते ऑगस्ट असेल तर पूर्वेला त्रिंकोमाली. तरी लोक जूनमध्ये मिरिस्साचं हॉटेल घेऊन मोकळे होतात! तेव्हा नैऋत्य मोसमी वारा तिथे थेट अंगावर येतो, समुद्र खवळतो. पूर्व किनारा मात्र बेटाच्या आडोशाला निवांत असतो. माझं मत विचाराल तर मार्च, मिरिस्सा.

इतका मोठा प्राणी किनाऱ्याच्या इतक्या जवळ कसा, तर मिरिस्साजवळच्या दोंड्राच्या टोकापासून समुद्रात थोडं आत गेलं की समुद्राचा तळ एकदम खोल जातो. त्रिंकोमालीला तर बंदराच्या तोंडाशीच पाण्याखाली खोल दरी आहे. आणि इथले निळे देवमासे अंटार्क्टिकाच्या वाऱ्या करत नाहीत, याच उबदार पाण्यात राहतात.

बोटी सकाळी साडेसहाच्या सुमारास निघतात. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. वरच्या डेकवरून छान दिसतं म्हणून सगळे तिकडे धावतात, पण हेलकावे तिथेच जास्त. मी खाली, मधोमध बसते आणि नजर क्षितिजावर ठेवते. देवमाशाच्या श्वासाचा फवाराही तिथेच दिसतो. उंच, सरळ उभा असेल तर निळा देवमासा. बुटका आणि डावीकडे कललेला असेल तर स्पर्म व्हेल, त्याची नाकपुडी डोक्याच्या डाव्या बाजूला असते. मग पाठ येते, येतच राहते, आणि बऱ्याच वेळाने अगदी मागे तो चिमुकला पर. काही श्वास झाले की पाठीची कमान होते, शेपूट वर उठतं आणि स्वारी खाली. पाण्यावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल तेवढा उरतो. आता दहा-पंधरा मिनिटं वाट बघायची.

नेमकं हेच काही बोटवाल्यांना जमत नाही. एका देवमाशामागे पाच-सहा बोटी लागलेल्या मी पाहिल्यात, आणि तो बिचारा नीट श्वास न घेताच खाली गेलेला. जहाजांचा धोका वेगळाच. जगातल्या अत्यंत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक इथूनच जातो आणि धडकेत देवमासे मरतात. २०२२ मध्ये एमएससी या बड्या जहाज कंपनीने आपली जहाजं आधीच्या मार्गापेक्षा सुमारे १५ सागरी मैल दक्षिणेकडून न्यायचं ठरवलं. बाकीच्यांनीही ते करायला हवं.

बुकिंग करताना मी एवढंच विचारते, देवमासा दिसल्यावर इंजिन मंद करून लांब थांबता ना? ‘दिसला नाही तर दुसरी फेरी फुकट’ म्हणणारा चालेल. ‘अगदी जवळ नेऊन दाखवतो’ म्हणाला, की मी पुढच्या बोटवाल्याकडे जाते.